क्लास लावण्याआधी एक रविवार

तुमच्या घरात कुणी इंजिनिअर होऊन एक-दोन वर्षं झाली असतील आणि एखाद्या रात्री जेवताना त्यानं किंवा तिनं हळूच सांगितलं असेल, "मी गेट द्यायचं म्हणतेय," तर त्यापुढचं वाक्य काय असतं ते मी न ऐकता सांगू शकते. "मग क्लास कुठला लावणार?"

आमच्याकडेही तेच झालं. माझी भाची मूळची सोलापूरची, मेकॅनिकल इंजिनिअर. नोकरी मात्र चेन्नईत, ओएमआरवरच्या एका कंपनीत, तीही सॉफ्टवेअर तपासण्याची. ओएमआर म्हणजे जुना महाबलीपुरम रस्ता, आता तो सगळा आयटीवाल्यांचा झालाय. राहते माझ्याकडे, वेळाचेरीला. दोन वर्षं झाली. पगार बरा आहे, जेवण मावशीच्या हातचं आहे, तक्रार काही नाही. पण जूनमधल्या एका रात्री म्हणाली, "मावशी, चार वर्षं जे शिकले त्यातलं मला आता काही आठवत नाही गं. अजून दोन वर्षांनी मी मेकॅनिकलची आहे हे कुणाला सांगणारही नाही." तिला एम.टेक. करायचं होतं. आयआयटी मद्रासचं फाटक रोज बसमधून दिसतं, तेही एक कारण असेल.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. ताईनं रात्रीतून सगळं ठरवलं होतं. नोकरी सोडायची, सोलापूरला यायचं, भाऊजी पीएफमधून पैसे काढणार, एक वर्ष क्लास लावायचा. "एकदाच काय ते नीट करू दे तिला." आई म्हणून तिचं बरोबर होतं. पण तीन निर्णय एका फोनमध्ये झाले होते, आणि भाचीला नक्की काय येतं आणि काय येत नाही, हे त्या घटकेला कुणालाच ठाऊक नव्हतं. भाचीलासुद्धा.

तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. अभ्यास कसा करायचा हे ठरवण्याआधी, पैसे भरण्याआधी आणि राजीनामा देण्याच्या तर फारच आधी, एक रविवार मोकळा काढा. मागच्या एखाद्या वर्षाची प्रश्नपत्रिका घ्या आणि घड्याळ लावून पूर्ण सोडवा. तयारी न करता. "अजून काहीच वाचलं नाही, आता कसा सोडवू?" असं मूल म्हणेल. त्यासाठीच सोडवायचा. ताप किती आहे ते औषध घेण्याआधी बघतात.

आधी परीक्षेबद्दल थोडं, कारण आजी-आजोबाही हे वाचत असतात. गेट ही पदवीनंतर एम.टेक.ला जाण्यासाठीची देशपातळीवरची परीक्षा. सात जुन्या आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ती आळीपाळीनं घेतात. 2019 साली ती आमच्या चेन्नईच्या आयआयटीनं घेतली होती. परीक्षा फेब्रुवारीत, शनिवार-रविवारी, संगणकावर. तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण. त्यातले 15 गुण सामान्य क्षमतेचे, म्हणजे भाषा, साधं गणित, तर्क. मेकॅनिकलसारख्या बहुतेक शाखांत 13 गुण इंजिनिअरिंगच्या गणिताचे आणि उरलेले 72 मूळ विषयाचे. मिळालेला स्कोअर तीन वर्षं चालतो. एम.टेक.ला गेटवर प्रवेश मिळाला की महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन मिळू शकतं. काही सरकारी कंपन्या नोकरीसाठीही हाच स्कोअर बघतात.

तीन वर्षांची ती मुदत पुन्हा वाचा. "या वर्षी नाही तर कधीच नाही" असं जे घराघरात बोललं जातं, त्याला फारसा आधार नाही.

तर रविवार. सकाळी साडेनऊला भाची जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. खरी परीक्षा साधारण त्याच वेळेला असते. जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या उत्तरतालिका परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. विकत काही घ्यावं लागलं नाही. तिचा कॉलेजातला कॅल्क्युलेटर मी कपाटात ठेवला, कारण गेटला स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही. स्क्रीनवर एक असतो, तो माऊसनं टिचकी मारत वापरायचा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एरवी बोटं आपोआप चालतात तिथे प्रत्येक आकडा शोधावा लागतो. पहिल्या दिवसापासून त्याचीच सवय केलेली बरी. फोन माझ्याकडे. मी स्वयंपाकघरात सांबार करत होते आणि कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून डाळ पातेल्यात शिजवत होते, हा माझा वाटा.

साडेबाराला ती उठली तेव्हा चेहरा उतरलेला होता. तपासल्यावर बरोबर उत्तरांचे 33 गुण आले, चुकलेल्यांचे 4 वजा झाले, राहिले 29. "बघ, मला क्लासच लावायला हवा," ती म्हणाली.

मी म्हटलं, आधी जेव.

दुपारनंतरचं काम सकाळच्या पेपरापेक्षा महत्त्वाचं होतं. न मिळालेले 67 गुण कुठे गेले, ते एकेक प्रश्न घेऊन वहीत मांडायचं. घोडं कुठं पेंड खातंय ते बघायचं. आम्ही चार रकाने केले. जे कधी समजलंच नव्हतं ते पहिल्यात. जे एकेकाळी येत होतं पण विसरलं ते दुसऱ्यात. येत असून आकडेमोडीत, एककांत किंवा प्रश्न वाचण्यात घसरलं ते तिसऱ्यात. आणि वेळच पुरला नाही म्हणून राहिलं ते चौथ्यात. एक अट: दुसऱ्या रकान्यात टाकण्याआधी उत्तर वाचून "अरे हो, हे तर येत होतं" असं म्हणणं पुरेसं नाही. पुस्तक उघडून दहा मिनिटांत तो भाग पुन्हा जमला, तरच तो विसरलेला. नाही जमला तर पहिल्या रकान्यात. इथे माणूस स्वतःशी फार लबाडी करतो.

संध्याकाळी बेरीज झाली. कधी समजलं नव्हतं: 20 गुण. विसरलं: 26. घसरलं: 12. वेळ गेला: 9. आणि पहिल्या रकान्यातले बहुतेक प्रश्न दोनच विषयांतले निघाले, हीट ट्रान्सफर आणि व्हायब्रेशन्स.

आता बघा हं. पूर्ण वर्षाचा क्लास या चारांपैकी कुठल्या रकान्यावर काम करतो? मुख्यतः पहिल्या. तिथे 20 गुण होते, तेही दोन विषयांत. उरलेले 47 गुण आठवण, सराव आणि वेळ यांच्या गोष्टी होत्या, आणि त्या दुसरा कुणी फळ्यावर शिकवून येत नाहीत. सगळे विषय पहिल्यापासून शिकवणाऱ्या क्लासमध्ये ती बसली असती, तर येत असलेलं परत ऐकण्यातच तिचे बरेच तास गेले असते. आणि ऐकताना छान वाटतं, हीच अडचण आहे. सगळं समजतंय असं वाटतं.

यावर झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिक यांनी तो केला, 2006 साली छापून आला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं विचारलं तर चित्र उलटं: वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 56. पुढे 2013 साली डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. सगळ्यात उपयोगी ठरल्या दोन: स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडा थोडा दिवसांवर पसरणं. पुन्हा पुन्हा वाचणं आणि रंगीत पेनानं ओळी रंगवणं तळाला. आमच्या घरात हायलाइटरचे पाच रंग होते. आता त्यातला पिवळा मी वाणसामानाच्या यादीला वापरते.

पेपर सोडवण्याचे आणखी एक फायदे म्हणजे गुणांचं गणित कळतं. गेटमध्ये तीन प्रकारचे प्रश्न असतात. चारातला एक पर्याय निवडायचा, एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात असे (हे 2021 पासून आले), आणि उत्तराचा आकडा स्वतः टाकायचा. चुकीला गुण वजा होतात ते फक्त पहिल्या प्रकारात, एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोनच्याला दोन तृतीयांश. बाकी दोन प्रकारांत वजाबाकी नाही. भाचीनं असे पाच प्रश्न कोरे सोडले होते, भीतीनं. आणि पहिल्या प्रकारातही हिशेब करून बघा. डोळे मिटून चारातला एक निवडला तर सरासरी फायदा-तोटा शून्य. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर उरलेल्या तिघांतून निवडणं सरासरीनं फायद्याचं. हे कुठल्याही क्लासशिवाय कळतं आणि पहिल्याच आठवड्यात गुण वाढवतं.

मग आम्ही काय ठरवलं? दोन कच्च्या विषयांसाठी एनपीटीईएल. हे नाव घरातल्या मोठ्यांनीही लक्षात ठेवावं. आयआयटी आणि विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची व्याख्यानं त्यावर फुकट बघायला मिळतात, 2003 पासून हा प्रकल्प चालू आहे आणि त्याचं मुख्य काम चालतं आमच्याच आयआयटी मद्रासमधून. गेटसाठी त्यांचं वेगळं पोर्टलही आहे. ही व्याख्यानं संथ असतात, परीक्षेच्या युक्त्या त्यात नसतात. पण जे समजलंच नाही ते समजून घ्यायला संथच बरं. दुसऱ्या रकान्यासाठी तिची कॉलेजातली पुस्तकं आणि कोरे कागद. तिसऱ्या-चौथ्यासाठी सराव परीक्षांची एक मालिका विकत घेतली. एवढाच खर्च.

आणि नोकरी? यावर ताईशी दोन संध्याकाळी वाद झाला. मी तिला तासांचा हिशेब सांगितला. कामाच्या दिवशी दोन तास, शनिवार-रविवारी सहा-सहा. आठवड्याचे 22. जुलै ते जानेवारी साधारण 30 आठवडे, म्हणजे 660 तास. दिवाळी, आजारपण, ऑफिसचे जादा दिवस काढून 500 धरू. त्यातला निम्मा वेळ प्रश्न सोडवण्यात गेला तरी तो थोडा नाही. ताई म्हणाली, "घरी बसली असती तर हजार झाले असते." झाले असतेही. पण नोकरी सोडून घरी बसलेल्या मुलीवर "आता तर दुसरं कामच नाही तुला" याचं जे ओझं येतं, ते मी आमच्याच नात्यात पाहिलं आहे. रोजच्या हजार रुपयांच्या प्रश्नाला उत्तर नसतं तेव्हा पुस्तकातली ओळ दिसत नाही. शेवटी ठरलं: नोकरी चालू, जानेवारीत साठवलेली रजा, आणि नोव्हेंबरअखेर सरावाचे गुण जर हललेच नाहीत तर पुन्हा बसून बोलायचं. पीएफ जागच्या जागी.

याचा अर्थ क्लास वाईट असा मुळीच घेऊ नका. तुमच्या मुलाच्या पहिल्या रकान्यात 50 गुण निघाले, किंवा तो शाखा बदलून परीक्षा देतोय, किंवा एकटा बसला की पंधरा मिनिटांत उठतो हे तुम्हाला वर्षानुवर्षं ठाऊक आहे, तर क्लास लावा आणि मन लावून लावा. फक्त पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारा. शिकवणं थेट आहे की आधीच ध्वनिमुद्रित केलेलं? शंका कोण सोडवतं, किती दिवसांत? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का, हप्ते आहेत का? आणि भाषा. चेन्नईतल्या वर्गात इंग्रजीत सुरू झालेलं स्पष्टीकरण अवघड जागी आलं की तमिळमध्ये वळतं, साहजिकच आहे, बहुतेक मुलांची ती मातृभाषा. ऑनलाइन वर्गांत तेच हिंदीत होतं. आपल्या मुलाला कुठलं चालतं ते त्यालाच विचारा, आणि एक दिवस वर्गात बसूनच ठरवा.

जीआरईवाल्या घरांसाठीही रविवारचा नियम तोच. परदेशात शिकायला जाणाऱ्यांची ही परीक्षा सप्टेंबर 2023 पासून लहान झाली, आता एक तास 58 मिनिटांची. एक निबंध, शब्दांचे 27 आणि गणिताचे 27 प्रश्न, चुकीला गुण वजा नाहीत. परीक्षा घेणारी संस्था पॉवरप्रेप नावाच्या दोन पूर्ण सराव परीक्षा फुकट देते. त्यातली एक सगळ्यात आधी सोडवा, दुसरी जपून शेवटी ठेवा. आपल्या इंजिनिअर मुलांचं गणित बहुधा बरं निघतं आणि गुण शब्दांत जातात, तिथे गणिताच्या महिनाभराच्या वर्गाला पैसे कशाला घालायचे? त्याहून आधी हे बघा की हवं ते विद्यापीठ जीआरई मागतं तरी का. कोविडनंतर अनेकांनी ती ऐच्छिक केली आहे. आणि कृपा करून गेट आणि जीआरई एकाच हिवाळ्यात नको. एकीला खोली लागते, दुसरीला शब्दांशी रोजची ओळख.

चेन्नईत राहून अभ्यास करणाऱ्यांना इथलं वेळापत्रक वेगळं सांगायला हवं. पुण्या-सोलापूरचा पाऊस सप्टेंबरात आवरतो, आमचा ऑक्टोबरात सुरू होतो. परीक्षेआधीचे मोलाचे नोव्हेंबर-डिसेंबर नेमके वादळांचे. 2023 च्या डिसेंबरात मिचाँग वादळ आलं तेव्हा वेळाचेरीत पाणी भरलं होतं, वीज नाही, इंटरनेट नाही. ज्यांचा सगळा अभ्यास व्हिडिओत होता त्यांचा तो तिथेच थांबला. म्हणून भाचीनं व्याख्यानं ऑक्टोबरपर्यंत संपवायची आणि पावसाचे महिने कागदावरच्या प्रश्नांना ठेवायचे असं केलंय. छापलेल्या प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर. जानेवारीच्या मध्यात पोंगलच्या सलग सुट्ट्या, परीक्षेला तीन आठवडे उरलेले. पूर्ण पेपरांसाठी याहून चांगले दिवस नाहीत.

बसायला जागा नसेल तर कोट्टूरपुरमचं अण्णा शताब्दी ग्रंथालय आहे. 2010 मध्ये सुरू झालेलं, नऊ मजली, थंडगार, आणि स्वतःची पुस्तकं घेऊन बसायला तिथे वेगळा विभाग आहे. 2011 मध्ये नव्या सरकारनं त्याचं मुलांचं रुग्णालय करायचं ठरवलं होतं. मद्रास उच्च न्यायालयानं ते थांबवलं, नाहीतर शनिवारी तिथे दिसणारी ती पोरं कुठे गेली असती कोण जाणे. वेळाचेरीहून लोकलनं कोट्टूरपुरम स्टेशन, तिथून थोडं अंतर. भाची शनिवारी सकाळी जाते, डब्यात लिंबूभात नेते.

ताईचा फोन अजून रोज येतो. आधी विचारायची, "किती तास झाला अभ्यास?" आता रविवारी संध्याकाळी एकदाच विचारते, "कुठल्या रकान्यातले गेले?" परवाच्या पेपरात 41 आले. विसरलेल्यांचा रकाना निम्म्यावर आलाय, घाईचा मात्र होता तिथेच आहे. हीट ट्रान्सफर जमू लागलंय, व्हायब्रेशन्स अजून नाही.

जाता जाता एक. गेटचे अर्ज साधारण ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात. अर्जावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळायला हवं. इथली मुलं नावापुढे वडिलांचं आद्याक्षर लावतात, आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो, आणि आपल्या आधारवर एक, पदवीवर दुसरं, पॅनवर तिसरंच असतं. भाचीच्या आधारवर वडिलांचं नाव नाहीच. दुरुस्तीला वेळ लागतो. या आठवड्यात तेवढं काढून बघा.